ठिणगीचं काय होणार?

ताईला एखादी गोष्ट एकदा पटली की ब्रह्मदेव खाली उतरला तरी तिचं मत बदलत नसे. तिचं म्हणणं असं, की ‘उडतं गाव’ या कार्टून मालिकेतला स्वयंपाकीच शत्रूला फितूर आहे. का? तर इतके भाग झाले, पण गडी कायम पाठमोरा! तोंड लपवणारा माणूस सरळ कसा असेल?

मालिकेच्या चाहत्यांचा फोनवर एक ग्रुप होता आणि गणिताचे एक मास्तर त्याचे कर्तेधर्ते होते. त्यांनी ताईला सगळ्यांदेखत उत्तर दिलं, ‘सुईदोरा बाई, पाठमोरा माणूस काढायला सोपा. चित्रकारांनी कष्ट वाचवलेत, बाकी काही नाही.’ त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ताईचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून ग्रुपात तिनं सुईदोरा असं नाव घेतलं होतं. त्या दिवशी मशीनवर बसून ती गिऱ्हाइकांच्या पँटींची उंची कमी करत होती आणि मनातल्या मनात मास्तरांची.

आता खरी गंमत ऐका. मालिकेची नायिका ठिणगी, उडत्या गावाचं इंजिन सांभाळणारी ती आगाऊ पोरगी, जिच्या जिवाचा सगळ्या ग्रुपाला घोर लागलेला, ती ताईच्याच घरात राहत होती. म्हणजे तिचा आवाज राहत होता. ताईची धाकटी बहीण ठिणगीला आवाज द्यायची. चाळिशीला टेकलेली बाई, जिना चढताना गुडघे धरून ‘आई गं’ करणारी. पण माइकसमोर उभी राहिली की अशी खिदळायची की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन दात अजून पडायचेत. नाव पडद्यावर यायचं, पण ती सुईदोराची बहीण हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. ताईनं ग्रुपात कधी सांगितलं नव्हतं आणि धाकटीनं सांगू दिलं नव्हतं.

कारण पुढची कथा फोडायची नाही, असं स्टुडिओनं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं. धाकटी त्या बाबतीत पक्की होती. ताई काय कमी मागे लागायची?

“नुसती मान हलव गं. जगते का ती?”

“ताई, जेव.”

“बरं, स्वयंपाक्याचं तरी सांग. एवढंसं.”

“ताई, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. माझ्या पोटावर पाय आणू नकोस.”

“मेले! मी काय परकी आहे?” असं म्हणून ताई फुरंगटायची आणि थोड्या वेळानं स्वतःच धाकटीच्या घशासाठी मध घातलेलं गरम पाणी आणून द्यायची. आई गेल्यावर ताईनंच शाळा सोडून मशीन धरली होती आणि धाकटीला शिकवलं होतं. त्या घरात फुरंगटणं आणि मध दोन्ही तिच्याच हातात होतं.

शेवटच्या पर्वाचं रेकॉर्डिंग सुरू झालं. या कामात आवाज आधी घेतात आणि त्यावर चित्रं मागाहून काढतात, त्यामुळे आवाज देणाऱ्याच्या समोर फक्त कागद आणि काच असते. काचेपलीकडे दिग्दर्शिका मॅडम आणि रेकॉर्डिस्ट. कागद आत गेल्यावर हातात मिळायचे आणि निघताना परत द्यायचे.

त्या दिवशी धाकटीनं कागद वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. ठिणगी मरणार होती. इंजिनात आग लागते, गाव खाली कोसळायला लागतं, आणि आतली खिट्टी हातानं फिरवायला कुणीतरी जायलाच हवं. जाताना ठिणगी आपले बूट काढून लहान भावाला देते. म्हणते, “तुला मोठेच होतील. वाढ मग त्यांच्यापुरता.” आणि आत उडी घेते.

धाकटीनं ते एका दमात म्हटलं. शेवटची किंकाळी कागदावर होती, ती तिनं मारलीच नाही. ठिणगी अशी किंचाळणार नाही, हे तिला आतून ठाऊक होतं. तिनं नुसता श्वास घेतला, पोहायला उडी मारताना घेतात तसा, आणि थांबली. रेकॉर्डिस्टनं कानावरचे हेडफोन काढून डोळे पुसले. मॅडम काचेपलीकडून म्हणाल्या, “झालं. छान झालं.” पण त्या धाकटीकडे बघत नव्हत्या.

घरी आली तेव्हा ताई एका कोटाचं अस्तर उसवत होती. तिनं मान वर केली आणि कात्री खाली ठेवली. “काय झालं गं? कोण गेलं?”

धाकटीचा बांध तिथंच फुटला. इतकी वर्षं सांभाळलेलं पोर तिनं त्या सकाळी आपल्याच तोंडानं मारलं होतं, आणि हे दुःख न्यायचं तरी कुठे? तिनं ताईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं. आग, खिट्टी, बूट, सगळं. ताईही हमसून हमसून रडली. कोटाच्या अस्तरालाच दोघींनी डोळे पुसले.

“कुठे बोलू नकोस हं.”

“वेडी आहेस का? तुझ्या गळ्याची शपथ.”

धाकटीला हलकं वाटलं. ताईला सांगणं म्हणजे काही कुणाला सांगणं नव्हे. आपल्याच मनाशी बोलल्यासारखं ते.

पुढच्याच आठवड्यात मॅडमनी बोलावून घेतलं. धाकटीला वाटलं, एखादं वाक्य पुन्हा म्हणायचं असेल. म्हणून ती वाटेत घसा साफ करत, गुणगुणत गेली. पण मॅडमनी तिला माइकपाशी नेलंच नाही. त्यांच्या खोलीत खुर्ची पुढे केली आणि दार लावून घेतलं.

“शेवट बाहेर फुटलाय,” त्या म्हणाल्या.

“बाई गं! कुणी फोडला?”

“तेच विचारतेय.”

धाकटी तावातावानं बोलली. म्हणाली, मी तर अवाक्षर काढलेलं नाही. तुम्ही त्या रेकॉर्डिस्टला विचारा, त्याच्या मित्रांचा राबता असतो इथं. बोलताना तिला आपण खोटं बोलतोय असं वाटतही नव्हतं. ताई तिच्या हिशेबात मोजायची नव्हतीच ना! मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे सांगितलं, की या खेपेला प्रत्येक कलाकाराला वेगळा शेवट दिला होता. खलनायकाच्या तोंडी एक, भावाच्या तोंडी दुसरा. सगळे खोटे. फितूर कोण ते कळावं म्हणून.

“बुटांची गोष्ट फक्त तुमच्या कागदावर होती.”

धाकटीच्या कानानं त्यातलं आधी वेगळंच टिपलं. “म्हणजे... ठिणगी मरत नाही?”

“नाही.”

“मग मी जे केलं त्या दिवशी... ते?”

“चांगलं होतं,” मॅडम म्हणाल्या. “वापरायचं नव्हतं.”

सांगा, काय म्हणावं या बाईला? आठ महिन्यांच्या पोटुशी बाईला खोटी कळ देऊन बघावं, असला हा प्रकार. धाकटीच्या मस्तकात तिडीक गेली. ती उठून काही बोलणार, एवढ्यात मॅडमनी फोन तिच्यापुढे धरला. ग्रुपातला मजकूर होता. ‘माझा अंदाज: ठिणगी इंजिनात उडी घेणार. जाताना बूट भावाला देणार. लिहून ठेवा, मास्तर!’ खाली नाव होतं, सुईदोरा.

“ओळखता का यांना?”

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. गप्प राहून उठून गेली असती तरी चाललं असतं; मॅडमना काय, एक कलाकार काढायचा होता. पण नुकताच तिनं त्या गरीब रेकॉर्डिस्टवर आळ घेतला होता.

“माझ्या घरातूनच गेलंय,” ती म्हणाली. “रेकॉर्डिस्टचा काही संबंध नाही.”

मॅडमनी मान हलवली. खरा शेवट आता दुसरी मुलगी म्हणणार होती. तिचा आवाज बराचसा जुळतो, असं त्या म्हणाल्या. म्हणजे ती आधीच बघून ठेवलेली होती.

घराची वाट कशी कापली ते धाकटीला कळलं नाही. ताई दुकानात एका बाईच्या बाहीला टाचण्या लावत होती. ती बाई जाईपर्यंत धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, “तू सांगितलंस.”

ताईनं एक टाचणी तोंडातून काढली. “काय सांगितलं?”

“बूट.”

“ते होय! मी कुठे सांगितलं? मी अंदाज टाकला.” ताई अगदी मोकळेपणी म्हणाली. “सगळेच टाकतात. मास्तर तर रोज टाकतात. तुझं नाव घेतलं का मी? नाही ना? मग?”

“ताई, माझं काम गेलं.”

ताईचा चेहरा पडला. ती स्टुलावर बसली. आणि धाकटीला वाटलं, आता ही रडेल, जवळ घेईल, चल मी जाते त्या मॅडमकडे आणि पाय धरते म्हणेल. तशीच तर होती ती.

“खोटा शेवट होता तो,” धाकटी म्हणाली. “मला पकडायला दिलेला. ठिणगी मरतच नाही.”

“मरत नाही?” ताई ताडकन उठली. “अगं मग आधी खात्री करायची ना! मी तिकडं छातीठोकपणे लिहून बसलेय. मास्तर आता माझी धिंड काढतील!”

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली.

ताईलाही कळलं, आपण काय बोललो ते. पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार? मग ती चिडली, कारण चूक कळल्यावर चिडणं तिला सोपं जायचं. “तुझं काय जातंय बोलायला? पडद्यावर तुझं नाव येतं. माझं कुठे येतं? आयुष्यभर लोकांच्या फाटक्याला ठिगळं लावली. त्या ग्रुपात तरी चार माणसं मला ओळखतात, तीही हसायला. एकदा, फक्त एकदा वाटलं, आपलं बरोबर यावं. त्यात एवढं काय पाप केलं?”

“माझ्या गळ्याची शपथ घेतली होतीस.”

“घेतली होती,” ताई म्हणाली आणि टाचण्या गोळा करू लागली.

केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते हेच. बाहेरच्यानं केलं असतं तर धाकटीनं त्याला चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळी झाली असती. इथं शिव्या तरी कुणाला द्यायच्या? त्यानंतर दोघी एकाच घरात राहिल्या, एकाच पातेल्यातलं जेवल्या, पण बोलणं ‘दिवा घालव’ आणि ‘दूध आलंय’ एवढ्यावर आलं. ताईनं मध घातलेलं पाणी आणून ठेवलं की ते तसंच गार व्हायचं. धाकटीला छोटीमोठी कामं मिळाली. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्टमध्ये ‘दार बंद होत आहे’ म्हणणारी तीच होती.

चित्रं काढून व्हायला बरेच महिने गेले. शेवटचा भाग लागला त्या संध्याकाळी धाकटीनं ठरवलं होतं, बघायचा नाही. तरी बघायला बसली. ताई दाराशी उभी राहिली. आत यायची तिची छाती झाली नाही.

पडद्यावर गाव कोसळत होतं. ठिणगी धुरातून धावत आली, पायात बूट घट्ट बांधलेले, आणि ओरडली, “व्हा बाजूला, खिट्टी मी फिरवते!” आवाज छान होता. स्वच्छ, तरुण, तयारीचा. धाकटीनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. ठिणगी वाचली, गाव वाचलं, सगळे नाचले, आणि त्या सगळ्यात ती परकी पोरगी धाकटीच्या पोरीच्या तोंडानं खिदळत होती. नावं आली. धाकटीचं नव्हतं.

ग्रुपात तर दंगल माजली होती. बुटांवरून सुईदोराची यथेच्छ टर उडवून झाल्यावर मास्तरांनी नवा विषय काढला: ठिणगीचा आवाज का बदलला? कुणी म्हणालं, जुन्या बाईनं भाव वाढवला असणार. कुणी म्हणालं, लग्न झालं असेल. एकानं तर तिला मारूनच टाकलं आणि लोकांनी त्याखाली हात जोडले.

ताई बराच वेळ फोनवर बोटं फिरवत होती. लिहायची, पुसायची. मग ती आत आली आणि फोन धाकटीपुढे धरला.

“बघ,” ती म्हणाली. “लिहिलं मी. सगळ्यांसमोर लिहिलं.”

धाकटीनं वाचलं. ‘माझा अंदाज: त्या बाईचा काही दोष नसणार. तिच्या सख्ख्या बहिणीनं तिचा घात केला असणार.’ खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग वाढत चालली होती. मास्तरांनी लिहिलं होतं, ‘सुईदोरा बाई, तुमच्या डोक्यात येतं तरी कुठून हे?’

“हसू देत,” ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “आता तरी बोल माझ्याशी.”

धाकटीनं फोन तिच्या हातात परत दिला.

“अंदाज म्हणूनच लिहिलंस ना, ताई?”

ताईनं आपलीच ती ओळ पुन्हा एकदा वाचली. धाकटी उठली आणि आतल्या खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं.