बायनाबाईच्या शब्दांतल्या टिपा

अश्विनदादा माझा चुलतभाऊ. हुशार आहे, वादच नाही. पण त्याच्या हुशारीचा त्रास मागे राहणाऱ्यांना होतो. दोन वर्षांपूर्वी त्याने सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावातल्या बायांच्या बियाणे गटासाठी हॅस्केल नावाच्या संगणकाच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला आणि नोकरीला बंगळुरूला निघून गेला. कुठलं धान कुणाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात लावलं, बी कधी वाळवलं, डबा कधी बंद करायचा, सगळं त्या प्रोग्रामात. समजावून सांगणारी एक ओळ मात्र त्याने लिहिली नाही.

मे महिन्यात गटाचा लॅपटॉप बंद पडला. माहिती पेनड्राइव्हवर होती म्हणून वाचली, पण नव्या लॅपटॉपवर प्रोग्राम चालेना. तेवढ्यात एक बियाणे कंपनी आली. तुमच्या त्रेसष्ट वाणांची माहिती द्या, आम्ही सांभाळतो. शनिवारी बैठक ठरली. तोवर आम्हाला जमलं नाही तर माहिती त्यांच्याकडे जाणार, आणि आमच्याच धानाबद्दल आम्ही त्यांना विचारायला जायचं. मला हे अजिबात मान्य नव्हतं.

प्रोग्राम इतरांनी लिहिलेल्या ज्या तयार लायब्रऱ्या वापरत होता, त्यांची माहिती मी इंटरनेटवर उघडून बसले. पानावर दिसणारं फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, माझ्या लॅपटॉपवर सापडेचना. दोन दिवस गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला: पान नव्या आवृत्तीचं, प्रोग्राम जुन्या आवृत्तीवरचा. मनसोक्त शिव्या घातल्या आणि नेमक्या जुन्या आवृत्त्या उतरवून घेतल्या. बुधवारी प्रोग्राम चालला. पण दादाने स्वतः लिहिलेल्या फंक्शनांचं काय? त्याला फोन लावला.

"दादा, हे फंक्शन तारीख घेते न् तारीखच देते. कायची तारीख?"

"टाइप वाच ना. काय घेते न् काय देते, सगळं त्यातच हाय."

"टाइपात 'तारीख' लिहून हाय. कायची, ते नाई."

"मंग कोड वाच."

मी फोन ठेवला आणि गटाच्या अध्यक्ष बायनाबाईंकडे गेले. कोड काय करतो ते मी पाहायचं, शेतात त्याला काय म्हणतात ते त्यांनी सांगायचं. एकेका फंक्शनच्या डोक्यावर मी त्यांच्याच शब्दांत टीप लिहिली. या टिपांची वाचता येतील अशी पानं बनवणारं एक साधन असतं, हॅडॉक. ते चालवलं आणि पहिल्याच मराठी अक्षरावर अडलं. हे काय आहे ते कळत नाही म्हणे!

"इंग्रजीत लिही," पुन्हा फोन केला तेव्हा दादा म्हणाला. "काऊन डोकं खपवून राह्यली?"

"मंग वाचणार कोण? तू?"

अर्धा दिवस खपले. फायलींतली अक्षरं कुठल्या पद्धतीने वाचायची हेच लॅपटॉपला कुणी सांगितलं नव्हतं. एका ओळीचं काम. मराठी पानं उघडली तेव्हा मी खुर्चीवरून उडालेच.

शनिवारी कंपनीचा माणूस गोड हसत म्हणाला, "छान केलंय. पण मॅडम लग्न होऊन गेल्या की हे कोण पाहणार?"

माझं डोकं तापलं. मी तोंड उघडणार, इतक्यात बायनाबाईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. पडद्यावर बोट ठेवून त्या सावकाश वाचू लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"रिना, इथी चूक हाय."

मी वाकून ती ओळ पाहिली.

"बी वाळलं का त्याच दिवशी डबा बंद? उन्हातलं बी रातभर थंडं होऊ द्या लागते. गरम भरलं का त्याले घाम सुटते. मी म्हणत होती, तं पोरी म्हणे, कंप्युटरनं आजचीच तारीख देली. म्हणूनच मांगच्या साली दोन डबे उगवले नाईत!"

टीप बरोबर होती. कोड तेच करत होता. चूक दादाची होती, दोन वर्षं जुनी. सगळ्यांसमोर मी त्या तारखेत एक दिवस वाढवला, टीप बदलली, पान पुन्हा तयार केलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

"बघा," तो माणूस म्हणाला, "चुका निघतातच. आमच्याकडे तज्ज्ञ आहेत."

"असतीन," बायनाबाई म्हणाल्या. "पण तुमच्या तज्ज्ञाची चूक मले कोण वाचू देईन?"

बायनाबाईंनी लॅपटॉप मिटला.

"माहिती भेटत नाई, भाऊ. चहा घ्या."