मामाच्या हातची पहिली बट

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. स्पेनच्या एका लोहारानं मला घडवलं आणि सरदार लोपेंच्या झोळीत बसून मी समुद्र ओलांडला. समुद्रापलीकडचं डोंगरातलं कूस्को शहर जिंकणाऱ्यांत तेही होते. त्यांची दाढी कातरायची म्हणून मला फार तोरा होता.

कूस्कोच्याच चिंपू नावाच्या बाईपासून त्यांना मुलगा झाला, बेल्त्रान. पण चिंपू त्याला नुसतं 'बाळा' म्हणायची. तिच्या माणसांत मुलाची पहिली बट मामानं कापायची आणि नावही त्यानंच ठेवायचं. तोवर डोक्याला हत्यार लावायचं नाही.

मुलगा तीन वर्षांचा झाला. समारंभ आठ दिवसांवर आला होता. तेवढ्यात वारसाची नोंद करायला मोठे अधिकारी येणार असं कळलं.

"माझ्या वारसाच्या डोक्यावर हे जंगल?" असं म्हणत सरदारांनी मला उचललं. मीही आनंदानं कचाकच चालले. त्याची मला आजही लाज वाटते.

मामा रिमाची ठरल्या दिवशी लामा या तिथल्या लोकरी जनावराचं, लाल गोंडे बांधलेलं कोकरू घेऊन आला. भाच्याचं बोडकं डोकं पाहून तो दारातच थांबला.

"दाजी, केस तुम्ही कापलेत, आता नाव ठेवून हाकही तुम्हीच मारा," एवढंच बोलून तो कोकरू घेऊन परत गेला.

पुढे सरदार वारले. बेल्त्रानला जहागीर मिळाली, मी पेटीत गंजत पडले. आजोळी मात्र त्याला नाव नव्हतं. तिथं तो नुसता 'सरदाराचा मुलगा' होता. म्हातारपणी चिंपू एकदाच म्हणाली, "मरायच्या आधी माझ्या भावाच्या तोंडून तुझं नाव ऐकायचंय रे."

बेल्त्राननं तीन वर्षं केस वाढवले. "काय सरदार, न्हावी रुसला वाटतं?" असं लोक चिडवायचे. मग मला आणि आईला घेऊन तो डोंगरावर मामाच्या घरी गेला. चाळिशीतला तो जहागीरदार मामापुढे जमिनीवर मांडी घालून बसला.

रिमाचीनं मला उघडून पाहिलं. "गंजलीय की."

"तुमचीच वाट बघत होती, मामा."

"आणि तुझे केसही पिकायला लागले."

त्यानं मला चरबी चोळली. मी कुरकुरत होते, पण आम्ही दोघांनी मिळून एक बट कापली.

"पोमा," तो म्हणाला. "माझ्या बापाचं नाव आहे. आणि दारातलं कोकरू घेऊन जा. त्या वेळच्या कोकराची खापरपणती आहे ती."

तेवढ्यात चुलीजवळून चिंपूची हाक आली, "पोमा, जेवायला ये."

मित्रांनो, मला पुसून, तेल लावून ठेवा. पोमाच्या लेकीच्या मुलाचे केस वाढताहेत. त्याचा मामा येईपर्यंत मात्र मला कुणी हात लावू नका.