कौलाचा दिवा दुरुस्तीला

बोरदऱ्याच्या देवीच्या मंडपात मंगळवारी सकाळी नऊपासूनच पाय ठेवायला जागा नव्हती. तिसगावहून आलेल्या जीपगाड्यांनी शाळेचं मैदान भरलं होतं, त्यामुळे शाळाही सुटली होती. देवीची सोन्याची नथ चोरीला गेली होती आणि चोर कोण, ते एक दिवा सांगणार होता.

दिवा पितळी, वर काचेचा डोम. पाप्याच्या हातात लाल होणारा, पुण्यवंताच्या हातात हिरवा. त्याचे मालक दिवेबाबा त्याचं वय दोन हजार वर्षं सांगत. दिव्याच्या बुडाला मोबाईलच्या चार्जरचं भोक होतं. त्याबद्दल कुणी विचारलंच तर बाबा शांतपणे म्हणत, "बेटा, शक्ती भरावी लागते."

गाभाऱ्याची किल्ली दोघांकडे असे. एक सरपंच कारभारी यांचा भाचा, दुसरी देऊळ झाडणारी भागूबाई. भाच्याने दिवा हातात घेतला. बाबांनी त्यावर डावा तळहात धरला, मंत्र पुटपुटले. हिरवा. मग भागूबाईने घेतला. बाबांनी या वेळी उजवा तळहात धरला. मंत्र तोच. लाल.

मंडपातून "आई गं" असा आवाज उठला.

मागच्या आठवड्यातही भागूबाईच्या हातात लालच लागला होता. बाबांच्या शास्त्राप्रमाणे तीनदा लाल म्हणजे शिक्कामोर्तब. तिसरा कौल शुक्रवारी होता, आणि रविवारी ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक निघणार होता. भागूबाईची पुढच्या सहा महिन्यांची भाकरी त्या ट्रकवर होती. मुकादम हनुमंत तिला मंडपातच म्हणाला, "मावशे, तिसरा बी लाल लागला तर टोळीत जागा न्हाई बघ. तुज्या जोडीला कोन कोयता धरील?"

"आरं, मी घेतली न्हाई नथ."

"मी कुठं म्हनतो घेतली? दिवा म्हनतोय."

तेवढ्यात भक्तीच्या भरात एका गृहस्थाने खुद्द दिव्यालाच अभिषेक घातला. अर्धा लिटर म्हशीचं दूध, सायीसकट. दिवा एकदा लाल झाला, एकदा हिरवा झाला आणि विझला. बाबा म्हणाले, दिवा समाधीत गेला आहे.

बुधवारी ही समाधी एका पिशवीतून तिसगावच्या स्टँडजवळ रेश्माच्या दुकानात पोचली. रेश्मा नगरला डिप्लोमा करून आलेली. विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर, पॅनेल, ऑटोस्विच दुरुस्त करायची. पिशवी घेऊन आला होता कल्याण. बाबांचा पहिला शिष्य, पन्नाशीचा, कपाळभर भस्म.

"ताई, ह्यातली शक्ती गेली."

रेश्माने बुड उघडलं. वास आला. "शक्ती गेली न्हाई काका, दही लागलंय."

आत एक छोटी चिप होती, ती मेली होती. शेजारी काचेच्या नळीतला एक बारीक स्विच होता, लोहचुंबक जवळ आलं की जुळणारा. रेश्माने तो फडक्याने पुसून ठेवला.

"चिप नवी टाकावी लागंल. नगरहून मागवते, शुक्रवारी सकाळच्या यष्टीनं येईल. पन कोऱ्या चिपमधी प्रोग्रॅम लिहावा लागतो."

"मग लिवा की."

"काय लिहू? जुन्या चिपमधलं आता वाचता येत न्हाई. हिरवा कवा लावायचा, लाल कवा, ते तुमी सांगा."

कल्याणने डोकं खाजवलं. "माणूस पापी असला की लाल."

"चिप लहान हाय काका. पाप मावत न्हाई त्यात."

कल्याणने बाबांना फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडून बराच वेळ अध्यात्म आलं. सत्त्व आलं, तम आलं. रेश्मा पेन धरून थांबली. "बाबा, ह्यातलं कुठल्या पिनला जोडू?"

शेवटी पलीकडचा आवाज बदलला. डॉक्टरपुढे आणि मिस्तरीपुढे माणूस फार वेळ देवत्व टिकवू शकत नाही. "हे बघ, उजव्या हातातली अंगठी जवळ आली की लाल. न्हाई आली तर हिरवा. आन लगेच नको, तीन मोजून लाव. समोरच्याला घाम फुटाया वेळ पायजे. शुक्रवारी त्या झाडूवालीचा कौल हाय, तवर झालं पायजे. आन कुनाला बोलू नको."

रेश्माने हे सगळं तक्रारीच्या कार्डावर लिहून घेतलं. दुकानाची पद्धतच तशी होती. गिऱ्हाईक सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, खाली सही. कल्याणने न वाचता सही केली.

शुक्रवारी चिप आली. रेश्माने प्रोग्रॅमर काढला. तो तिने स्वतःच बनवला होता. जुन्या माऊसची कापलेली यूएसबी वायर, एक चिप, एक क्रिस्टल, चार-दोन रेझिस्टर आणि दोन झेनर डायोड, सगळं काडेपेटीएवढ्या पट्टीवर. एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला सहा वायरी. लॅपटॉपवर लिहिलेलं त्या वायरींतून चिपमध्ये उतरतं आणि मग चिप आयुष्यभर तेवढंच करत राहते. 'लाईट आली की दोन मिनिटं थांब, मग मोटार चालू कर' हे ऑटोस्विचला ती असंच शिकवायची. दिव्यालाही तिने सांगितल्याबरहुकूम शिकवलं आणि दिवा, लॅपटॉप घेऊन थेट बोरदऱ्याच्या मंडपात गेली. तिसऱ्या कौलाला सगळं गाव जमलं होतं.

कल्याण धावत आला. "द्या इकडं."

"चालवून दाखवल्याबिगर आमी वस्तू ताब्यात देत न्हाई काका." तिने कार्ड काढून मोठ्याने वाचलं. "गिऱ्हाईक कल्याण. वस्तू, दिवा एक. तक्रार, बंद आहे. काम, उजव्या हातातली अंगठी जवळ आली की लाल, न्हाई आली तर हिरवा. तीन मोजून. घाम फुटाया वेळ पायजे."

मंडपातल्या सगळ्या माना बाबांच्या उजव्या हाताकडे वळल्या.

"ही नास्तिक आहे," बाबा म्हणाले.

"आसंल. पन काम चोख करते. बाबा, अंगठी काढून द्या, टेस्ट करू."

"सिद्ध अंगठी बोटातून निघत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. अंगठीत हाय तसलं चुंबक माज्याकडं बी हाय." तिने पिशवीतून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं, दिवा सरपंचांच्या हातात ठेवला आणि चुंबक जवळ नेलं. एक, दोन, तीन. सरपंच लालभडक झाले, दिव्यासकट.

पहिलं हसू बायकांच्या बाजूने फुटलं. मग रांगच लागली. मुकादम लाल, शाळेचे मास्तर लाल, अभिषेकवाला लाल. म्हातारी रंगुबाई पुढे सरकली. "मला बी दे गं. बघू तरी किती पाप जमलंय." रेश्माने चुंबक खाली ठेवलं होतं, म्हातारी हिरवी निघाली. ती खट्टू झाली.

रेश्माने देवीसमोरच वायरी जोडल्या, दोन ओळी बदलल्या, चार सेकंदांत नवा प्रोग्रॅम चिपमध्ये गेला. आता दिवा कुणाच्याही हातात लाल व्हायचा आणि चुंबक जवळ आलं की हिरवा.

"देवी तीच हाय, मानसं तीच हायेत," ती म्हणाली. "मी फकस्त लाल-हिरव्याची अदलाबदल केली."

रंगुबाईने कपाळाला हात लावला. "म्हंजी आमी हिच्या टायपिंगला नमस्कार घालीत हुतो व्हय?"

एवढं होईपर्यंत बाबांची जीप सुरू झाली होती. कल्याण मागच्या फळीला लोंबकळत गेला.

"पर मग नथ कुनी नेली?" सरपंचांनी विचारलं.

"मला काय ठावं? पोलिसांत फिर्याद द्या. किल्ली दोघांकडं हुती, हे बी सांगा."

सरपंचांनी भाच्याकडे पाहिलं, मग छताकडे. फिर्याद त्याच दुपारी दाखल झाली. नथ हे लिहीपर्यंत सापडलेली नाही.

हनुमंत भागूबाईजवळ आला. "मावशे, रविवारी पहाटं ट्रक हाय. आवरून ऱ्हा."

भागूबाई जागची हलली नाही. "तू मंडपात बोलला हुता. आता मंडपातच बोल."

हनुमंतने इकडेतिकडे पाहिलं. मग घसा साफ करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भागूमावशीवर चोरीचा काय बी पुरावा न्हाई. माजं चुकलं."

"येते मग," भागूबाई म्हणाली.

नथ कुणी नेली हे बोरदऱ्याला अजून माहीत नाही, आणि तसं सांगायला आता गाव लाजत नाही. तपासाला वेळ लागतो. तो लागू द्यावा. कुठलंही यंत्र, कुठलाही बाबा एका क्षणात माणसाला चोर ठरवायला लागला, तर हात जोडण्याआधी म्हणावं, उघडून दाखवा. खरं असेल त्याला उघडल्याने काही होत नाही. आणि उघडायला ते तयार नसतील, तर निदान एवढं करावं, की त्यांच्या शब्दावर कुणा गरिबाची भाकरी तोडू नये.