चक्रवाक आणि दादरची पिशवी

प्रशीलचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत उन्हाला बसून काहीच करत नव्हतो, आणि तेही काम जवळजवळ संपत आलं होतं. प्रशील कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि दर जानेवारीत आमच्याकडून तलावांवरची पाखरं मोजून घेतो. जामनेरकडच्या एका तलावाचा पूर्वेचा काठ एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. निवृत्तीनंतर माझ्या हाताखाली उरलेलं तेवढंच खातं.

"नाना, यंदा तो काठ माझ्या विद्यार्थिनीला, मोनालीला देऊ का? तुम्हाला उगाच दगदग."

दगदग हा शब्द माणसाला काढून टाकताना वापरतात. बत्तीस वर्षं ऑफिसात तो मीच वापरला आहे. मी नको म्हटलं.

अडचण हातांची होती. तीन वर्षांपासून ते थरथरतात. हे माझी बायको ज्योत्स्ना आणि मित्र जीवराम सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. जीवराम एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. गाडी त्याची, दुर्बीण माझी. पायी गेलं की पाखरं उडतात, गाडीला घाबरत नाहीत, म्हणून आम्ही गाडीतूनच मोजतो.

दुर्बिणीला टेकू हवा होता. आधी काचेवर बसवायचा चिमटा मागवला. तो जीवरामच्या गाडीच्या काचेला इतका जड झाला, की काच, चिमटा आणि दुर्बीण तिघंही हळूहळू दारात उतरू लागली. मग एका पायाचा स्टँड घेतला, तो गुडघ्यांत धरला. तेव्हा कळलं, गुडघेही हातांच्याच पक्षाचे आहेत.

शेवटी मी उशी शिवून घेतली, आणि तीत कापूस भरला. खानदेशात जन्मलेल्या माणसाला मऊ म्हटलं की दुसरं काही सुचत नाही. उशी खिडकीवर ठेवून दुर्बीण टेकवली, तर तलाव पाळण्यात घातल्यासारखा हलत होता.

"जीवराम, इंजिन बंद कर."

"बंदच शे, भाऊ."

मी दुर्बीण खाली ठेवली. जीवरामनं बडीशेप पुढे केली. दोघांनी खाल्ली.

तोडगा ज्योत्स्नानं काढला. माझ्या जुन्या पॅन्टचा एक पाय कापला, त्यात चार किलो दादर ज्वारी भरली, तोंड शिवलं. "भाकरीची आहे. सांडू नका, परत आणा."

मोजणीच्या दिवशी ती पिशवी खिडकीवर ठेवली. दाणे सरकले, दुर्बिणीभोवती बसले आणि गप्प राहिले. तलाव थांबला. तीन वर्षांनी मला चक्रवाकाचं डोकं दिसलं, अंगापेक्षा फिकट, आणि ते एकच होतं, हलून दोन होत नव्हतं. मी डावीकडून एकेक चक्रवाक मोजत गेलो. कुठे चुकलं नाही, मागे यावं लागलं नाही. चौसष्ट.

"बठ्ठा इतलाच शेतस?" जीवरामनं विचारलं.

"बठ्ठा. सगळे मिळून एवढेच."

पुन्हा मोजले. चौसष्टच. प्रशीलला फोन लावला.

"चौसष्ट? नाना, गेल्या वर्षी तुम्ही एकशे अडतीस दिले होते. त्याआधी एकशे एकतीस. निम्मे गेले म्हणजे गंभीर आहे. अहवालात कारण लिहावं लागेल. तिथले मासेमार जाळी लावतात ना? त्यांचंच काम असणार."

मासेमार समोरच होते. दोघं जण काठावर जाळं वाळत घालत होते. त्यातल्या एकानं सकाळी आम्हाला चिखलात रुतू नये म्हणून वाट दाखवली होती. मी गप्प राहिलो असतो तर पुढच्या वर्षीही काठ माझाच होता.

"त्यांना मध्ये आणू नको," मी म्हणालो. "कारण लिही, मोजणाऱ्याचे हात थरथरत होते. दुर्बीण हलली की रांग चुकायची, चुकली की मी मागून पुन्हा धरायचो. तीन वर्षं तेच पाखरू दोनदा मोजलं."

पलीकडे प्रशीलनं कागद चाळल्याचा आवाज आला.

"आणि यंदा?"

"यंदा दादर होती."

"म्हणजे?"

"ते राहू दे. पुढच्या वर्षी काठ मोनालीला दे. पिशवी मात्र मिळणार नाही, संध्याकाळी तिच्यातल्या ज्वारीच्या भाकरी होणार आहेत."

फोन ठेवला. पिशवी मांडीवर घेतली. हात तिच्यावर ठेवले तर ते पुन्हा आपल्या कामाला लागले होते. जीवरामनं तिकडे पाहिलं आणि चावी फिरवली. गाडी धडधडू लागली.

"आते मातर गाडीच हाली ऱ्हायनी, भाऊ," तो म्हणाला.