टाकीतलं शिळं पेट्रोल

ऑक्टोबर कलला की लेहमधल्या मोटरसायकली एकेक करून यांगडोलच्या दारात यायला लागत. स्कारामधल्या तिच्या घरामागे वडिलांनी मेंढ्यांसाठी बांधलेला लांबोळका गोठा होता. मेंढ्या केव्हाच विकल्या गेल्या. आता तिथे चाळीसेक गाड्या हिवाळा काढत. पर्यटकांना भाड्याने देणाऱ्यांच्या, फौजेतल्या पोरांच्या, एक तर चक्क गोम्पातल्या लामांची.

गाडी आत ढकलायची आणि वर ताडपत्री टाकायची, एवढ्यावर यांगडोलचं समाधान होत नसे. ती टाकी गळ्यापर्यंत ताज्या पेट्रोलने भरायची, त्यात पेट्रोल टिकवायचं औषध बूचभर ओतायची, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायची. मग पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत थांबायची आणि कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलासुरला थेंब बाटलीत धरायची. बॅटऱ्या काढून स्वयंपाकघरात मांडायची. नवरा म्हणायचा, "या घरात माणसांपेक्षा बॅटऱ्यांची बडदास्त जास्त."

कुणी गिऱ्हाईक घाई करायला लागलं की ती सांगे, "पेट्रोलपण नासतं बाबा. सहा महिने पडून राहिलं की त्याचा चिकटा होतो आणि सुईएवढ्या भोकात जाऊन बसतो. मग एप्रिलमध्ये बस किका मारत."

त्या वर्षी गेन-ले थरचिन आले ते उजवा हात गळ्यात अडकवून. वय शहात्तर. शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून सगळ्यांचे गेन-ले, म्हणजे गुरुजी. यांगडोल आठवीत त्यांच्याच वर्गात होती. निवृत्तीनंतर दर रविवारी त्यांची लाल फटफटी फ्यांगला बहिणीकडे जायची, आणि सप्टेंबरात एका रविवारी विमानतळाजवळच्या वळणावर वाळूत घसरली होती. गाडी पिकअपमधून उतरवून झाली तसे गेन-ले चहा घ्यायला घरात गेले. त्यांची मुलगी कुनझेस मागे रेंगाळली. वीज कार्यालयात नोकरी करणारी, चाळिशीची, बोलायला स्पष्ट. पण आज तिने आधी वडील घरात गेल्याची खात्री करून घेतली.

"आचे," तिने ताई म्हणावं तशी हाक मारली. "एक काम कराल? या गाडीला काही करू नका."

"काही करू नको म्हणजे?"

"दरवर्षी ते औषध-बिषध करता ना, ते नको. आणली तशीच राहू द्या. एप्रिलमध्ये सुरू झाली नाही की अबा-ले म्हणतील, म्हातारी झाली गाडी, जाऊ दे."

यांगडोलने हातातलं फडकं खाली ठेवलं. "अगं, सरळ सांग की त्यांना."

"तीनदा सांगितलं. म्हणतात, मी वीसच्या वेगात होतो, त्या वेगात पडणं म्हणजे बसणंच." कुनझेसला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले. "अमा-ले गेल्यावर मला ते एकटेच आहेत, आचे."

यांगडोलला नाही म्हणवेना. अर्धी भरलेली टाकी तशीच ठेवून तिने गाडी भिंतीच्या कडेला लावली.

पण सगळा हिवाळा तिचं मन तिला खात राहिलं. गोठ्यात गेलं की नजर त्या लाल टाकीकडे जायची. फेब्रुवारीत एकदा ती औषधाची बाटली घेऊन गाडीजवळ उभीही राहिली. मग कुनझेसचा चेहरा आठवला आणि बाटली पुन्हा फळीवर गेली. वीस वर्षांत तिच्या हातून एकाही गाडीचं पेट्रोल नासलं नव्हतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेन-ले आले. हात बरा झाला होता. बॅटरी बसवली, आणि त्यांनी एकामागून एक बारा किका मारल्या. गाडी नुसती खोकली. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, वाकून वास घेतला आणि तसेच वाकून राहिले. यांगडोलने महिनाभर घोकलेलं वाक्य पुढे केलं.

"गाडी म्हातारी झाली, गेन-ले."

गेन-लेंनी झाकण लावलं. तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "यांगडोल, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"मला काय झालंय?"

"नाही, सहज," म्हणून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते साबूच्या म्हाताऱ्या वैद्यांना घेऊन हजर. इकडूनच चाललो होतो, म्हणाले. साबूचा रस्ता गावाच्या दुसऱ्या टोकाला, हे तिघांनाही ठाऊक होतं. वैद्यांनी चहा घेता घेता यांगडोलचा हात हातात घेतला, डोळे मिटून नाडी बघितली, झोप लागते का विचारलं, आणि पुडीत बांधलेल्या काळ्या गोळ्या ठेवून गेले. यांगडोलला काही उमगेना.

तिसऱ्या दिवशी गेन-ले एकटेच आले. आल्या आल्या गोठ्याचं दार आतून लोटून घेतलं.

"हे बघ, मी कुणाला बोललो नाही," ते म्हणाले. "तुझ्या धंद्याचा प्रश्न आहे. चाळीस गाड्यांत एखादी विसरली, एवढंच. पण तू विसरणारी नव्हेस. कुनझेसच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी चुलीवरचं दूध विसरायची, मग दुकानात कशाला गेले ते विसरायची. मी वेळेवर लक्ष दिलं नाही."

यांगडोलला आता कुठे त्या काळ्या गोळ्यांचा अर्थ लागला.

"माझी गाडी राहू दे बाजूला," त्यांनी बाह्या वर केल्या. "बाकीच्या सगळ्या आज आपण दोघं तपासू. अजून कुठली राहिली असेल तर गिऱ्हाईक यायच्या आत साफ करून टाकू. कुणाला पत्ता लागणार नाही."

आणि त्यांनी सुरुवातही केली. एकेका टाकीचं झाकण उघडायचं, वाकायचं, वास घ्यायचा, "ही ठीक आहे" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. दर वेळी वाकताना एक हात कमरेवर जायचा. लामांच्या गाडीपाशी, नवव्या टाकीवर ते वाकले तेव्हा यांगडोलला राहवेना.

"गेन-ले, थांबा. मी विसरले नव्हते."

तिने सगळं सांगितलं. कुनझेसचं नाव न घेता सांगायचा प्रयत्न केला, पण ते जमण्यासारखं नव्हतं. गेन-ले एका उपड्या खोक्यावर टेकले.

"म्हणजे तुझं डोकं ठिकाणावर आहे?"

"आहे."

"मग हे आधी सांगायचंस. तीन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना राग यायला बराच वेळ लागला आणि आला तोही बेताचाच. "मुद्दाम पेट्रोल नासवलंस. आठवीत कॉपी करतानाही तुला धड जमलं नव्हतं."

"माहीत आहे, गेन-ले."

"लाव तिला फोन."

कुनझेस जेवणाच्या सुट्टीत आली. दारातूनच दोघांचे चेहरे बघून काय ते समजली.

"अबा-ले, चूक माझी आहे. आचेंना काही बोलू नका."

"तिला बोलून झालंय. आता तुला विचारतो. सप्टेंबरात मी पडलो, तेव्हा माझ्या खिशात फोन वाजत होता. कुणाचा होता?"

कुनझेसने हातातला फोन पिशवीत टाकला.

"तू 'पोचलात का?' म्हणून विचारायला फोन करतेस. तो वाजला की मला थांबावं लागतं. आणि मी चालवताना पडत नाही, थांबताना पडतो."

"हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुला वाईट वाटलं असतं."

कुनझेस बापाशेजारी खोक्याच्या कडेवर बसली. मग तिने नाक पुसलं आणि कार्यालयातल्या आवाजात म्हणाली, "फक्त रविवारी. आणि दुपारचा वारा सुटायच्या आत परत."

"दुपारी बहीण जेवायला घालते."

"मग लवकर जेवा. हेल्मेट नवं घ्यायचं. खारदुंगच्या घाटात कुणी कितीही बोलावलं तरी जायचं नाही."

"आणि तू वाटेत फोन करायचा नाहीस."

"पोचल्यावर तुम्ही करायचा."

"करीन."

"आणि आचे एकदा तुमच्या मागून जाऊन बघतील, तुम्ही चालवता कसे. त्या नको म्हणाल्या तर गाडी बंद."

यांगडोलने मान हलवली. या घडीला तिला काहीही कबूल होतं.

मग तिघांनी मिळून गाडी उघडली. टाकीतून चहासारखं तांबूस पेट्रोल निघालं, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास मारणारं. कार्बोरेटरच्या तळाला मधासारखा चिकटा बसला होता. यांगडोलने कार्बोरेटर सफाईच्या द्रावणात भिजत घातला, घासला, पेट्रोल जिथून झिरपतं तो सगळ्यात लहान जेट तारेने मोकळा केला. तो डोळ्यासमोर धरून भोकातून उजेड दिसतो का बघायचा असतो. गेन-लेंना दिसेना, यांगडोलचा चष्मा घरात. कुनझेसने जेट खिडकीकडे धरला.

"दिसतंय. टाचणीच्या टोकाएवढं."

"तेवढंच हवं," गेन-ले म्हणाले. सुट्टी संपून तास होऊन गेला होता, पण कुनझेसने घड्याळाकडे बघितलं नाही. नवं पेट्रोल घातल्यावर तिसऱ्या किकेला गाडी बोलली.

जूनमधल्या पहिल्या रविवारी यांगडोल स्कूटर घेऊन, बरंच अंतर राखून, गेन-लेंच्या मागे निघाली. तिचा जीव मुठीत होता. पण पाच-सहा किलोमीटर झाल्यावर तिला वेगळीच पंचाईत कळली. इतक्या हळू स्कूटर चालवायची तर तोलच राहीना. गेन-ले रस्त्याच्या कडेकडेने, पाठ ताठ ठेवून चालले होते. यांगडोलच्या मागे फौजेचे सात ट्रक साचले होते. एक गाय आडवी आली, तिला त्यांनी जाऊ दिलं, आणि तिच्या वासराचीही वाट बघितली. थांबताना दोन्ही पाय आधीच खाली सोडलेले.

फ्यांगच्या फाट्यावर त्यांनी गाडी स्टँडवर लावली आणि मागे न बघताच हात उंचावून तिला बोलावलं.

"ये आता. किती वेळ आडून येशील? ट्रकवाल्यांनी सगळ्या शिव्या तुलाच दिल्या."

तिने स्कूटर त्यांच्याशेजारी लावली. त्यांनी थर्मासमधून लोणी घातलेला गुरगुर चहा ओतला, खंबीर रोटीचा एक तुकडा तिच्या हातावर ठेवला, आणि खिशातून फोन काढून मुलीला लावला.

"फाट्यापर्यंत आलोय. नाही, पोचल्यावरही करीन. हो, आहे इथेच. घे, बोल."

पलीकडून कुनझेसने दबक्या आवाजात विचारलं, "आचे, खरं सांगा. कसे चालवतात?"

यांगडोलने गेन-लेंकडे बघितलं. ते ओठावरचं लोणी पुसत भलतीकडे बघत होते, पण कान इकडेच होते.

"त्यांची काळजी नको करूस," ती म्हणाली. "त्यांच्या मागून येणाऱ्यांची कर."