चौथा ठोकळा

मी सिमेंट-काँक्रीटचा एक ठोकळा बोलतोय. वीतभरापेक्षा थोडा कमी, सगळ्या बाजूंनी सारखा. माझ्या पाठीवर लाल रंगात पुलाचं नाव आणि तारीख आहे. ते वाचू नका, खोटं आहे!

रीत अशी, की पुलात ओतायच्या मालातूनच थोडा माल काढून ठोकळे भरायचे, महिनाभर पाण्यात ठेवायचे आणि यंत्रात दाबून फोडायचे. शितावरून भाताची परीक्षा. माझं शीत मात्र दुसऱ्याच हंडीतलं.

पूल तळोद्याच्या पुढे, डोंगरातल्या नाल्यावर होता. काठी गावच्या होळीला मजूर घरी जाणार, म्हणून खांब घाईने उरकायचे होते. मुकादम गिरधर ओरडला, "करमसिंग, ठोकळासना माल येगळा कालव! सिमेंट हात सोडीसन टाक. पुलले कोण इचारस? तपासणी ठोकळासनी व्हस."

करमसिंगने मला प्रेमाने भरलं, सळईने ठोकून ठोकून. त्याचं गाव नाल्यापलीकडेच. इंजिनिअर धीरजसाहेब तिथेच उभे होते. त्यांनी पाहिलं आणि फोन कानाला लावला. तो फोन वाजलाच नव्हता.

माझे तीन भाऊ यंत्रात उत्तम पास होऊन फुटले. मी जास्तीचा, साहेबांच्या ऑफिसात दाराला टेकण म्हणून राहिलो. श्रावणातल्या पुरात मधला खांब फुटला. तेव्हा पुलावर करमसिंगची बायको कमलीबाई होती. ती सापडली तिसऱ्या दिवशी.

आता चौकशी लागली आहे. साहेबांनी मला पुसून टेबलावर ठेवलं, पुरावा म्हणून. आज मला यंत्रात घालतील. मी चांगला टिकेन, मेलं माझं हेच दुर्दैव! मग कागदावर येईल, माल उत्तम, दोष पुराचा. आणि तिथेच, याच रीतीने, नवा पूल उभा राहील.

सकाळी करमसिंग आला. त्याने फडक्याची गाठ सोडली आणि खांबाचा एक तुकडा माझ्याशेजारी ठेवला. बोटाने दाबला तर त्याची अर्धी वाळू झाली.

"साहेब, ह्यो ठोकळा मी भरला. पुलात असला माल नव्हता. तू पण तिथंच उभा होता."

"लिहून देशील? तूही अडकशील, करमसिंग."

"अडकू दे. पोरं अजून नाल्यातूनच शाळेत जातात. तू लिही, मी अंगठा देतो."

साहेबांनी पेन उघडलं. मग पेन बंद करून म्हणाले, "उद्या बघू."

करमसिंग गेला. साहेबांनी मला पिशवीत घातलंय. पिशवीच्या तोंडातून मला टेबल दिसतंय, त्यावर तो तुकडा. सफाईच्या प्रमिलाबाई फडकं घेऊन टेबल पुसायला आल्या आहेत.

"साहेब, ही वाळू टाकून देऊ?"

साहेब, मला राहू द्या. त्या तुकड्याला घ्या! नाही म्हणा हो, एकदा तरी नाही म्हणा.

साहेबांनी फोन कानाला लावलाय.