पाच मजल्यांचे काचेचे भांडे

मी एक जुने काचेचे भांडे आहे. भिंती उभ्या, बूड सपाट आणि पोट सात-आठ जणांना पुरेल एवढे. मी आरपार दिसते, त्यामुळे माझ्या पोटात गुपित म्हणून काही राहत नाही. मित्रांनो, म्हणूनच माझी गोष्टही मी काही न लपवता सांगणार आहे.

माझा जन्म भट्टीजवळ झाला. वितळलेली काच घट्ट पाकासारखी असते. एका कारागिराने ती लांब नळीच्या टोकावर उचलली, गाल फुगवून फुंकर मारली आणि मला पोट आले. मग मला दिवसभर सावकाश गार होऊ दिले. तिथे घाई केली तर काच आतल्या आत रुसते आणि पुढे कधीतरी अचानक तडकते. शेवटी तपासनिसाने मला उजेडात धरले. माझ्या बुडाशी त्याला मोहरीएवढा बुडबुडा दिसला. "दुय्यम," असे म्हणून त्याने मला वेगळ्या फळीवर सरकवले. मला फार वाईट वाटले, पण नशीब कुठल्या फळीवर उघडेल याचा नेम नसतो.

त्या फळीपाशी एक तरुण आला. त्याच्या हातांना वंगणाचा वास होता, कारण तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने मला नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि सरळ काखेत मारून घरी आणले. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. बायको शाळेचे गणवेश शिवायची, म्हणून शेजारीपाजारी त्यांना लिफ्टवाले आणि शिवणबाई म्हणत. मीही तेच म्हणते.

"अहो, एवढं मोठं भांडं! माणसं आपण दोन," शिवणबाई म्हणाल्या.

"माणसं वाढतील. भांडं थोडंच वाढणार आहे?"

माणसे वाढली. त्यांना एक लेक झाली आणि तिच्यामागून तिच्या मैत्रिणींची फौज आली. घरात ओव्हन नव्हता, पण शिवणबाईंचे काही अडले नाही. लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाला त्या माझ्यात फळांचे तिरामिसू करत. त्याला विस्तव लागतच नाही. तळाला संत्र्याच्या रसात भिजवलेली लांबट, हलकी बिस्किटे, त्यावर फेटलेले क्रीम, त्यावर फळे, पुन्हा बिस्किटे आणि पुन्हा क्रीम. लिफ्टवाले त्याला मजले म्हणत. असे पाच मजले झाले की वर स्ट्रॉबेरीची गच्ची. मुली माझ्याभोवती नाक टेकवून बसत, आयांना कृती हवी असे, आणि मी फुशारून जाई.

पण दिवस सारखे नसतात. लेक मोठी झाली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि तिथेच तिने संसार मांडला. एकदा कुकरचे झाकण माझ्या काठाला घासून गेले. "फुटेल हो ते, नीट ठेवा," शिवणबाई म्हणाल्या. लिफ्टवाल्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर ठेवले. हेतू चांगलाच होता. मी मात्र पुढची सहा वर्षे एकच बातमी वाचत बसले, आणि तीही अर्धीच. उरलेली पान चारवर होती.

दिसत काही नव्हते, पण ऐकू सगळे येई. एके दिवशी कळले की शिवणबाई जिन्यात घसरल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. हात कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. लिफ्टवाले तेव्हा निवृत्त होऊन घरीच होते. त्यांनी बायकोची सेवा अशी मांडली की बोलायची सोय नाही. त्या पाणी घ्यायला उठल्या की, "तू बस, मी देतो." डाव्या हाताने टॉवेलची घडी घालू लागल्या की, "ठेव ते, मी घालतो." धनी प्रेमळ, पण पहिल्या आठवड्यात शिवणबाई हसून "बरं" म्हणत होत्या, दुसऱ्या आठवड्यात नुसतेच "बरं" म्हणू लागल्या आणि तिसऱ्या आठवड्यात तेही बंद झाले. डॉक्टरांनी बोटे हलवत राहायला सांगितले होते. त्या हलवत नव्हत्या. "शिवायचा हातच गेला. आता बोटं हलवून काय माशा वारू?" असे त्या एकदा म्हणाल्या, तेव्हा मला वर अंधारात गलबलून आले.

मग एका सकाळी लेकीचा फोन आला, तो स्पीकरवर लावला होता. रविवारी नातीचा सहावा वाढदिवस होता. ही नात दिवसभर गुणगुणत घरभर फिरते, म्हणून तिला सगळे भुंगा म्हणतात. "आई, आम्ही तिकडेच येतोय. भुंग्याला तू करायचीस ना, ते मजल्यांचं हवंय. पण तुझा हात..."

"बाजारातून केक आणू," शिवणबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

"मी करतो की," लिफ्टवाले म्हणाले.

"तुम्ही? डोळ्यांदेखत दूध उतू गेलं तरी तुम्हाला पत्ता नसतो."

"जन्मभर लोकांना मजल्यांवर पोचवलं. मला पाच मजले रचता येणार नाहीत?"

शिवणबाईंची पावले आतल्या खोलीकडे गेली.

शनिवारी दुपारी मला खाली काढले. कागद सुटला, उजेड डोळ्यांत गेला. लिफ्टवाल्यांनी मला घासून लख्ख केले आणि कामाला लागले. मित्रांनो, पुढचा प्रकार मी उघड्या पोटाने सोसला. त्यांनी बिस्किटे रसात अशी घातली जशी पोरे नदीत सोडावीत. ती बाहेर आली तेव्हा बिस्किटे नव्हती, लापशी होती. तीच त्यांनी माझ्या तळाशी थापली. मग क्रीम फेटायचे यंत्र चालू केले आणि ते घट्ट झाले तरी चालूच ठेवले.

यंत्राचा आवाज बदलला. मला कळले, पण मला बोलता येत नाही. तेवढ्यात आतून हाक आली, "बंद करा ते! लोणी होतंय!"

पाठोपाठ शिवणबाई दारात उभ्या. वाडग्यात पिवळसर कण आणि पाणी वेगळे झाले होते, माझ्या बुडाशी लगदा होता आणि नवऱ्याच्या भुवयांवर क्रीम होते.

"तू बस, मी निस्तरतो," लिफ्टवाले घाईने म्हणाले.

"तीन आठवडे बसलेच आहे!" शिवणबाईंचा आवाज चढला. "हात मोडलाय माझा. मी नाही मोडले!"

लिफ्टवाल्यांनी हातातले यंत्र ओट्यावर ठेवले.

"मला वाटलं, तुला आराम मिळावा," ते हळूच म्हणाले.

"आराम दोन दिवसांचा असतो हो. पुढे त्याची शिक्षा होते. घरात मी आहे की नाही, हेच मला कळेनासं झालंय."

लिफ्टवाल्यांनी हात पुसले. मग त्यांनी मोठा चमचा उचलला आणि दोन्ही हातांनी बायकोपुढे धरला. "चुकलं माझं. आता मुकादम तू. मी हेल्पर."

"आधी भुवया पुसा," मुकादम म्हणाल्या आणि हसल्या. कितीतरी दिवसांनी.

मग काय, हुकूम सुटू लागले. लगदा काढा. दुसरे क्रीम गार भांड्यात घ्या. टोक उभे राहिले की थांबा. मऊ चीज साखर घालून वेगळे घोटा, मग क्रीममध्ये हलक्या हाताने मिसळा. बिस्किटे बुडवायची, आंघोळ घालायची नाही. एक, दोन म्हणा आणि बाहेर काढा. लिफ्टवाल्यांनी हौसेने किवी चिरली होती, ती बाजूला गेली. "किवी क्रीममध्ये राहिली की कडू होते. भुंग्याला नुसती द्या." लोणी मात्र वाया गेले नाही. ते साखर घालून संध्याकाळी पावाला लागले.

आता माझ्या भिंतीला स्ट्रॉबेरीच्या चकत्या लावायच्या होत्या. कापलेली बाजू बाहेर, म्हणजे काचेतून लाल बदाम दिसतात. हे काम शिवणबाईंचे. त्यांनी डाव्या हाताने मला धरले आणि प्लास्टरमधून डोकावणाऱ्या उजव्या बोटांनी एक चकती उचलली. ती पडली. दुसरीही पडली. लिफ्टवाल्यांचा हात पुढे झाला, पण त्यांनी तो मागे घेतला आणि ते उगाच बिस्किटे मोजत राहिले. तिसरी चकती माझ्या भिंतीला चिकटली. ती बोटे अवघडलेली होती, पण हलत होती. मी काच असूनही सांगते, तो स्पर्श मला ऊबदार लागला.

पाच मजले झाले तेव्हा लिफ्टवाल्यांनी हत्यारांच्या पेटीतून पातळी तपासायची पाणसळ आणून माझ्या भिंतीला आडवी धरली. "तिसरा मजला डावीकडे कललाय."

"कलू दे. कुणी राहायला जाणार नाहीये तिथे!"

रात्रभर मी फ्रिजमध्ये शांत बसले. रविवारी भुंग्याने माझ्या भिंतीला नाक लावून मजले मोजले आणि विचारले, "आजोबा, लिफ्ट कुठंय?" त्यांनी तिच्या हातात लांब चमचा दिला. तो थेट तळमजल्यापर्यंत गेला आणि सगळे मजले घेऊन वर आला. भुंग्याची गुणगुण चक्क बंद झाली.

"आजी, हे तू केलंस?" तोंड रिकामे होताच तिने विचारले.

"आम्ही दोघांनी. बिघडवलं त्यांनी, सुधारलं मी."

सगळे हसले. लेकीचे लक्ष मात्र आईच्या बोटांकडे होते. त्या बोटांत चमचा होता. तिने आपली वाटी पुढे केली आणि म्हणाली, "आई, मला तू वाढ."

पुढे प्लास्टर निघाले. शिवणबाईंचा हात अजून पूर्वीसारखा झालेला नाही. गणवेशांना बटणांची काजे करायला वेळ लागतो, पण त्या करतात. मीही आता खालच्या फळीवर असते आणि महिन्यातून एकदा तरी माझा नंबर लागतो.

मित्रांनो, मला फुटायची भीती वाटते, हे कबूल करते. म्हणून फ्रिजमधून काढल्या काढल्या माझ्यावर उकळते पाणी ओतू नका, मला उचलताना दोन्ही हात लावा आणि माझ्या काठाला जपा. पण मला वापरा. आणि तुमच्या घरी कुणाचा हात दुखत असेल, पाय चालत नसेल, नजर मंदावली असेल, तर त्यांना जरूर मदत करा. फक्त "तुम्ही बसा" म्हणण्याआधी एकदा त्यांना विचारा, "यातलं तुम्ही काय करणार?"